एका दमाची बोली

लिलावाले आमच्याकडं हर्रास म्हणतात. उंद्रीच्या भाजीबाजारात हर्रास आमच्या ह्यांचीच. टोपल्यावर हात ठेवून "एक वार, दोन वार, तीन वार" एका दमात म्हणत, अन् मग माल गेला म्हणजे गेला. शालिग्रामभाऊनं तीन वार म्हटल्यावर तोंड उघडायची कोणाची बिशाद नव्हती. घरात मात्र माझंच चाले.

पंचाहत्तरीत ह्यांच्या फुफ्फुसात गाठ निघाली. या वयात छाती उघडणं झेपणार नाही, म्हणून संभाजीनगरच्या डॉक्टरनं बरगड्यांतून सुई घालून गाठ आतल्या आत जाळली. घरी सोडताना मले बजावलं, "आजी, फुफ्फुसाला बारीक छिद्र राहून हवा बाहेर साचू शकते, काही दिवसांनीसुद्धा. छाती दुखली, दम लागला तर वाट पाहू नका. अन् यांना ओरडू देऊ नका." तेव्हापासून माझा जीव मुठीत.

पण दवाखान्यातून माणूस घरी आला की अख्खं गाव बिस्किटचे पुडे घेऊन भेटायले येते. आलेल्यासमोर पडून राहणं ह्यांले कमीपणाचं वाटे. ताठ बसत. कोणी ना कोणी म्हणेच, "भाऊ, एक बोली होऊ द्या, म्हणजे समजू तुम्ही बरे झाले." की झाली सुरू. मी डोळे वटारले तर म्हणत, "लोक काय म्हणतील, शालिग्राम खपला?"

"लोकांचं काय, चहा पिऊन जातील. मले राहाचं आहे तुमच्यासंग." पण ऐकतील तर शपथ.

एका सकाळी नजीरभाई आले. बाजारात ह्यांच्या शेजारीच त्यांचं केळीचं दुकान. ह्यांनी बोली धरली, "एक वार, दोन..." अन् तिथंच थांबले. हसले, पाणी मागितलं. मी आत वळली तर नजीरभाई मागोमाग आले. हळूच म्हणाले, "भाभी, हा माणूस दोनवर कधी थांबला नाही."

मी पेला तसाच ठेवला अन् ह्यांच्या छातीवर हात ठेवून पाह्यला. उजवी बाजू हलतच नव्हती.

"दुखते काय?"

"कालपासून. थोडं."

"सांगितलं काऊन नाई?"

"लोक भेटायले येऊन राह्यले ना."

असा राग आला की रडूच फुटलं.

नजीरभाईच्या गाडीत घालून चिखलीच्या दवाखान्याकडं निघालो. ह्यांचे ओठ निळे पडत चालले. खड्डा आला की डोळे मिटत. मी शिव्या घालत होती, देवाले बी अन् ह्यांले बी. गप्प बसायची भीती वाटत होती. चिखली जवळ आली तसा त्यांनी माझा हात धरला अन् पुटपुटले, "एक वार... दोन वार..."

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "पुढं म्हणू नका. माझी बोली बाकी आहे."

आता छातीत नळी घातली आहे. फुफ्फुस फुलते का, ते सकाळी कळेल म्हणतात. गावची माणसं पुडे घेऊन इथंही आली. मी दारातच बसली आहो. कोणालेच आत सोडत नाही.