थडग्यात उतरायची परवानगी

नाईलच्या सहलीचे फोटो तुम्ही दोघांनी पाहिलेत: पांढऱ्या चादरींची टेबलं, पलंगावर टॉवेलची केलेली मगर, डेकवर टोपी घालून बसलेली मी. ही सहल माझ्या हातून जवळजवळ निसटली होती, आणि ते फोटोंत दिसत नाही. म्हणून लिहिते. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

माझ्या पंचाहत्तरीला तुमच्या बाबानं तुमच्या तिकडच्या बेलव्ह्यूहून फोन करून सांगितलं, की नाईलवरची आठ दिवसांची बोट बुक केली आहे, विमानासकट. मी नागपूरच्या शाळेत तीस वर्षं सहावीला इतिहास शिकवला. दरवर्षी फळ्यावर राजाच्या थडग्याचा उभा छेद काढायचा: उतरत जाणारी वाट, मधला खड्डा, तळाशी खोली. कोणीतरी विचारायचंच, "बाई, तुम्ही गेला होता?" नाही, असं सांगून मी पुढे शिकवायची. त्यामुळे मला बोटीपेक्षा ती वाट हवी होती.

जानेवारीत कंपनीचं पत्र आलं. माझ्यासाठी त्यांनी 'आरामाचा कार्यक्रम' आखला होता. बाकीचे थडग्यांत उतरतील तेव्हा मी मांडवाखाली सरबत पीत बसायचं. कारण माझ्या नावापुढे व्हीलचेअर लिहिलेली होती.

ही व्हीलचेअर आपल्या लोकांना चांगली ठाऊक आहे. मुलांकडे अमेरिकेत येणारे कितीतरी आईबाप धडधाकट असूनही ती घेतात. रांग टळते, गेट शोधावं लागत नाही, इमिग्रेशनला कोणीतरी सोबत असतं. घरी परतल्यावर तेच लोक दोन्ही हातांत बॅगा घेऊन रिक्षा शोधतात. इंग्रजी येत असूनही मी स्वतः दोनदा घेतली आहे. तुमच्या बाबानं बुकिंग करताना सवयीनं त्या चौकोनात खूण केली, आणि ती विमानातून थेट बोटीवर गेली.

मी फोन केला तेव्हा तो मीटिंगमधून बाहेर येऊन बोलत होता.

"आई, सगळेच घेतात यार. फॉर्मॅलिटी आहे."

"विमानतळावर घेतात. मला थडग्यात उतरायचंय."

"एवढी काय घाई आहे?" तो म्हणाला, आणि लगेच "सॉरी, सॉरी" करू लागला. मला हसू आलं, पण मी विषय सोडला नाही.

त्यानं कंपनीशी बोलून पाहिलं. आता डॉक्टरांचं पत्र लागेल, असं उत्तर आलं. हे सांगताना तो हळूच म्हणाला, की सावलीत बसायला तसं वाईट काय आहे, तुझ्या दुखऱ्या गुडघ्याचं तर बघ. तेव्हा मला कळलं, की ती खूण नुसती सवयीची नव्हती. त्याला मी बसलेलीच बरी वाटत होते.

डॉक्टरबाईंनी गुडघा वाकवून पाहिला आणि पत्र द्यायला नकार दिला. सहा आठवड्यांनी या, म्हणाल्या. दवाखान्याचा जिना चार मजले चढून उतरायचा, त्या मागून येतील. कठडा धरलेला चालेल, थांबलेलं चालेल, बसलेलं चालणार नाही.

मी राहते त्या ईडन प्रेरीत फेब्रुवारीत बाहेर चालायला जाणं म्हणजे बर्फावर हाड मोडून घेणं. म्हणून मी आमच्या इमारतीचा जिना धरला. लिफ्टमुळे तिथे कोणी फिरकत नाही. चहा झाला की सव्वासातला सुरुवात. पहिल्या दिवशी दुसऱ्याच मजल्यावर बसले. चढताना दम लागायचा, पण गुडघा दुखायचा तो उतरताना, आणि थडग्यात तर आधी उतरायचं असतं. मग उतरण्याचाच सराव जास्त केला. दुखरा पाय आधी खाली, चांगला त्याच्यामागून, चढताना उलट.

सरबतही चांगलंच असेल, असं दोनदा मनात आलं. तिसऱ्यांदा येऊ नये म्हणून किती मजले झाले ते रोज तुमच्या बाबाला मेसेज करू लागले. तो नुसता अंगठा पाठवायचा. पाचव्या आठवड्यात मात्र त्यानं विचारलं, "शूज कुठले घालतेस?" आणि चांगल्या पकडीचे नवे पाठवले.

ठरल्या दिवशी डॉक्टरबाई माझ्यामागून चार मजले आल्या. वर पोचलो तेव्हा दम त्यांनाही लागला होता. पत्र त्याच दुपारी गेलं.

बोटीवर अमेरिकेतल्याच, सांता क्लाराच्या एक मराठी बाई भेटल्या. साठीच्या असून मला काकू म्हणायच्या. ही थडगी आहेत त्या राजांच्या दरीत जायच्या सकाळी त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काकू, इतक्या मढ्यांना भेटून आल्यावर डोक्यावरून अंघोळ करायची ना?"

"तीन हजार वर्षं झाली," मी म्हटलं. "सुतक फिटलं असेल."

तरी परतल्यावर त्यांनी केलीच. खरं सांगायचं तर मीही केली.

मी निवडलेल्या थडग्याला आधी डोंगराच्या भेगेतून लोखंडी जिना चढावा लागतो, मग आत तितकंच खोल उतरावं लागतं. मी तळाशी पोचले तोवर आमची मंडळी वर निघाली होती. खोली अंड्यासारखी गोलसर. भिंतीवर काळ्या-लाल रेघांची काड्यांची माणसं, मुलं वहीच्या मागच्या पानावर काढतात तशी. आणि फळ्यावर मी वाट नेहमी सरळ काढत असे. खरी वाट मध्येच वळते. तीस वर्षांतल्या माझ्या विद्यार्थ्यांना हे आता कोण कळवणार?

गाईड मला शोधत परत खाली आला. त्यानं हात पुढे केला, मी नको म्हटलं. मग तो दोन पायऱ्या मागे राहून चालत राहिला. मी चारदा थांबले, बसले नाही. शेवटच्या पाच पायऱ्यांना मात्र मीच त्याचा हात मागितला. तो त्यानं असा दिला, जणू आम्ही आधीच ठरवलं होतं.

बाहेर उन्हात डोळे दिपले. फोनवर तुमच्या बाबाचा मेसेज होता: "उतरलीस का?"

"उतरले. वरही आले," एवढंच लिहिलं, कारण माणसं पुढे निघाली होती आणि त्या सकाळच्या यादीत अजून दोन थडगी बाकी होती.