गुडघाभर पाणी

एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर आपण त्याच्या रक्ताचे तरी असावं, नाहीतर लिहिण्याची सवय तरी असावी. माझ्याकडे दोन्ही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि कॉलेजात गेलं म्हणजे लिहिता येतं असं नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तेव्हा कुठे चुकलं तर माफ करा. पण मामांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही. तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस असेल किंवा होऊन गेला असेल, म्हणून धीर करतो.

मामा बोलता बोलता मधेच पंजा वर करायचे. "थांब जरा."

समोरच्यानं थांबायचं. पलीकडे पडवीत खडीच्या पिंपातलं पाणी खाली उतरत असायचं. ते संपत आलं की पाइपातून एक आवाज यायचा. आधी गुडगुड, मग कुणीतरी घशातून हवा ओढावी तसा खर्रकन. मग शांत. मामांचा हात खाली यायचा.

"आला वर," ते म्हणायचे, आणि बोलणं जिथं तुटलं होतं तिथून पुढे सुरू.

त्या वेळी पाणी खाली गेलेलं असायचं. वर काय आलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. केडगावच्या पुढे आमची वस्ती आणि त्यांची वस्ती यांच्यामध्ये एक बांध आहे, तेवढंच नातं. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं फिरवली. मामांनी मेंढरं विकून शेती धरली, विहीर पाडली, ऊस लावला आणि इतरांसारखंच शेततळं खणून त्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरला. त्यांना एकच मुलगा, नवनाथ. तो पाबळला टेक्निकलचं शिकून आला होता. त्याच्या डोक्यात सतत काहीतरी चालायचं. त्यानं शेततळ्यात चिलापी माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडली. पुढच्या वर्षी मासे आणि भाजी एकाच पाण्यावर करायची, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. माशांच्या घाणीवर भाजी वाढते आणि भाजीच्या मुळांतून गाळलेलं पाणी माशांना परत जातं. एक निळं पिंप त्यानं मधोमध कापूनही ठेवलं होतं.

एका दुपारी मोटारीचा फुटबॉल, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप, अडकला म्हणून तो तळ्यात उतरला. ज्यांनी शेततळं पाहिलंय त्यांना सांगायला नको. कागदाला शेवाळ धरतं. पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही. धरायला काही नसतं.

मामांनी त्याच महिन्यात जेसीबी लावून तळं बुजवायला घेतलं. पाणी उपसलं, आणि तळाशी मासे दिसले. आता तळहाताएवढे झालेले. जमलेल्या माणसांना वाटलं, मामा ते वाटून टाकतील. मामा चिखलात उतरले आणि एकेक मासा ओंजळीनं उचलून पाण्याच्या ड्रममध्ये टाकू लागले. ते ड्रम त्यांनी घराच्या पडवीत आणून ठेवले.

मामींनी ड्रम पाहिले आणि पिशवी भरली. त्या आपल्या माहेरी, कवठे येमाईला निघाल्या. माझी आई समजवायला गेली होती. मामी तिला एवढंच म्हणाल्या, "तळं बुजवलं म्हनत्यात आन् पानी घरात आनलं. मी पान्याशेजारी निजनार न्हाई."

मामा चौफुल्यापर्यंत त्यांच्या मागे गेले. शिरूरची गाडी आली, मामी चढल्या. मामा परत आले ते थेट आमच्या अंगणात.

"ए कॉलेज," ते मला हाक मारायचे. "ते पोरगं म्हनत हुतं ते मासं-भाजीचं, तुज्या फोनात असंल का?"

मी शोधलं. आम्ही दोघं बांधावर बसून व्हिडिओ पाहत राहिलो. मामांनी एकच प्रश्न विचारला. "ह्याला खोली किती लागती?"

मी म्हणालो, जितकी जास्त तितकं बरं, असं सांगतायत.

"न्हाई. गुडघा."

गवंडी आला तेव्हाही तेच. मामांनी स्वतःचा पाय विटेच्या कामाजवळ उभा धरला आणि गुडघ्याखाली बोट ठेवलं. गवंडी हसला. "मामा, मासं काय चालत जात्यात व्हय? अजून दोन थर टाकू की. उन्हाळ्यात शिजतील."

"शिजू दे. तू गुडघ्याच्या वर गेलास तर तुजा गुडघा मोडीन."

म्हणून तो हौद झाला लांबरुंद आणि उथळ, निम्मी पडवी खाऊन बसलेला. उन्हाळ्यासाठी मामांनी त्यावर जुनी घोंगडी ताणून बांधली. नवनाथनं कापलेलं पिंप हौदाच्या काठावर लाकडी घोड्यावर ठेवलं आणि खडीनं भरलं. आणखी दोन पिंपं आम्ही कापली. कूलरच्या छोट्या मोटारीनं पाणी हौदातून पिंपात चढवायचं, पिंप भरलं की ते आपोआप एकदम रिकामं व्हायला हवं. त्यासाठी पिंपात एक उभा पाइप आणि त्यावर टोपी लावलेला जाड पाइप, म्हणजे सायफन.

सायफन काही ओढीना. पाणी उभ्या पाइपाच्या तोंडापर्यंत यायचं आणि तिथून नुसतं ठिबकत राहायचं. आम्ही पाइप कापला, जोडला, परत कापला. माझ्या बोटांना पाइप चिकटवायचं सोल्युशन लागून सालं निघत होती. वस्तीवरची माणसं येऊन बघून जायची.

"मामा, मासं वांग्याला पानी पाजत्यात म्हनं?"

"पाजत्यात. तू तुज्या म्हशीला तरी येळेवर पाजतो का?"

एक दिवस खालच्या तोंडातून पडणारं पाणी भिंतीवर उडतं, म्हणून मामांनी तिथं एक एल्बो, म्हणजे पाइपाचा वाकडा तुकडा, बसवला. आणि पिंपातलं पाणी भसकन उतरू लागलं. आम्ही दोघंही चाटच पडलो. त्या वळणामुळे पाइप पाण्यानं भरून राहतो आणि ओढ धरतो, हे मला नंतर वाचून कळलं. त्या क्षणी मामा पोरासारखे हसले. नवनाथ गेल्यावर ते हसलेले मी तेव्हाच पाहिले.

पाणी तळाला गेलं आणि पहिल्यांदा तो आवाज आला. मामांचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण ते भिंतीला टेकले. नवनाथला तळ्यातून बाहेर काढलं तेव्हा मामा काठावर होते. असा आवाज त्यांनी तिथं ऐकला होता, की ऐकायचा राहून गेला होता, मला माहीत नाही.

"बारीक नळी जोडली तर हे बंद होतं, मामा," मी म्हणालो.

"नगं. ऱ्हाऊ दे."

त्यानंतर त्यांनी केलं ते फक्त आमच्याकडचाच माणूस करील. घरात नवं काही सुरू झालं की भंडारा उधळायचा, ही रीत. विहिरीला पाणी लागलं, ट्रॅक्टर आला, उधळला भंडारा. मी हौदाकडे पाठ करून मोटारीची वायर आवरत होतो. मामांनी खंडोबाचं नाव घेतलं आणि ओंजळभर हळद हौदात टाकली. मग सवयीनं प्रत्येक पिंपातही एकेक मूठ.

पाणी पिवळंधमक झालं. थोड्या वेळानं मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. त्यांच्या कल्ल्यांत ती पूड बसली होती.

मामांचा चेहरा मी विसरू शकत नाही. "देवाचंच हाय ते," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "देवाचंच हाय की रं." मग ते हौदात उतरले, धोतरासकट, आणि ओंजळीनं मासे ड्रममध्ये काढू लागले. दुसऱ्यांदा. माझी आई, वडील, वांग्यावरून चिडवणारा म्हशीवाला, सगळे बादल्या घेऊन आले. हौद उपसला, विहिरीचं पाणी भरलं, खडी धुतली. संध्याकाळी मामा हौदाच्या कडेला बसून एकेक मासा पाहत होते. काही गेले, बरेच वाचले. गेलेले त्यांनी पिंपाच्या खडीत पुरले. तिथं लावलेल्या पुदिन्याला मी कधी हात लावला नाही.

पुढे सगळं बरं चाललं. पालक, मेथी, टोमॅटो. भाजी मामा सगळ्या वस्तीला वाटायचे. मासा मात्र कुणाला खायला दिला नाही. चिलापी भराभर वाढते, पिल्लांनी हौद भरून जायचा. पण नवनाथनं आणलेले मासे कोणते, हे मामांना ओळखू यायचं. "ह्यो त्याच्या हातचा," ते बोट दाखवायचे. मला सगळे सारखेच दिसायचे. मी हो म्हणायचो.

पिल्लं मागायला लांबून लोक यायला लागले, शेततळ्यात सोडायला. मामांचं एकच विचारणं. "तळ्यात दोर बांधलाय का?"

"बांधतो की, मामा."

"बांधून ये. मग मासं."

काहीजण थाप मारून न्यायला बघायचे. मामा आपली जुनी लूना काढून त्यांच्या मागोमाग तळ्यावर हजर. घायपाताचा दोर ते स्वतः वळायचे, हातभर अंतरावर गाठी मारून. काठावर खुंटी ठोकून दोर पाण्यात सोडायचे आणि स्वतः ओढून बघायचे. आज आमच्या बाजूला बऱ्याच तळ्यांत असे दोर लोंबताना दिसतील. लोकांना वाटतं, कुठली तरी सरकारी योजना आहे.

सणावाराला मामा मला फोन लावायला सांगायचे. त्यांना नंबर लावता यायचा, तरी मीच लावायचो.

"ऐकलं का," ते मामींना म्हणायचे, "लई न्हाई, गुडघ्याएवढं हाय. पोरगं उतरलं तरी पाय टेकत्यात. येऊन एकदा बघून तर जा."

पलीकडून मामी म्हणायच्या, "पानी ते पानीच."

"मासं त्यानं आनल्यात गं."

"मग ऱ्हावा त्येंच्यापाशी."

फोन बंद. मामा तो माझ्या हातात देऊन म्हणायचे, "दिवाळीला येईल." एकदा मी धाडस करून म्हणालो, मामा, मासे एखाद्या तळ्यात सोडून द्या, मामी परत येतील. त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं नाही. "त्यानं आनलेलं जित्तं येवढंच ऱ्हायलंय, कॉलेज," ते म्हणाले. "ती यावी असं वाटतंच की. पन ह्यास्नी सोडून तिला आनली, तर तिच्या म्होरं कुठल्या तोंडानं बसू?"

पुढच्या शिक्षणासाठी मी पुण्याला निघालो, त्या दुपारी त्यांना सांगायला गेलो होतो. वीज गेलेली होती. मोटार बंद, पिंपं मुकी. मामा हौदात मांडीपर्यंत कपडे सावरून उभे होते आणि तांब्यानं पाणी उचलून उंचावरून परत हौदात ओतत होते, माशांना हवा मिळावी म्हणून. मी बोलत होतो, पण त्यांचं लक्ष पिंपांकडे होतं. मधेच त्यांनी पंजा वर केला. मीही थांबलो. काहीच आवाज येत नव्हता. ते हात तसाच धरून ऐकत राहिले. शेवटी मीच म्हणालो, "मामा, वीज नाही." त्यांनी हात खाली घेतला. "व्हय की," म्हणाले, आणि पुन्हा पाणी ओतू लागले.

माझी सत्र परीक्षा संपली त्या दिवशी आईचा फोन आला. पेपर कसे गेले हे तिनं दोनदा विचारलं, तेव्हाच मला शंका आली.

"मामा गेलं," ती म्हणाली. "तुजा पयला पेपर हुता त्या दिशी. तू अभ्यास टाकून आला असतास, म्हनून कुनी बोललं न्हाई. सकाळच्याला हौदाच्या कडंला बसल्यालं, तसंच."

मी विचारलं, मामींना कळवलं का?

"आली की. सगळं उरकल्यावर परत जाईल वाटलं, पन जाईना. दहाव्यानंतर एकलीच पडवीत गेली. लांबनं बघत हुती आधी. मग वाकली, आन् बांगड्या काढल्याला मोकळा हात पान्यात घातला. म्या म्हनलं आता रडती का काय. रडली न्हाई. कोपर भिजायच्या आधीच तिचा हात तळाला लागला. लई येळ तसाच ठिवला हुता तिनं."

"आता कुठे आहेत त्या?" मी विचारलं.

"हितंच ऱ्हायलीया," ती म्हणाली.