मांडीवरची बॅग

कॅनडातल्या विनिपेगमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना माहिती साठवण्याच्या क्लाउड तंत्रज्ञानाची तोंडओळख करून देणं हे माझं काम. एका वर्गात पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांच्या एक बाई बसायच्या. त्या जन्म-मृत्यूच्या नोंदी सांभाळायच्या. सगळ्यांच्या बॅगा खाली पडलेल्या असत, त्यांची मात्र कायम मांडीवर. बुटांवरचा बर्फ वितळून फरशी ओली होते म्हणून असेल, असं मला वाटायचं. शेवटी एकदा विचारलंच.

म्हणाल्या, "आमचं रेकॉर्ड बेसमेंटमध्ये असायचं. नदी चढायला लागली, की आम्ही खोकी उचलून वर न्यायचो. तेव्हापासून खाली काही ठेववत नाही."

त्या दिवशी मी नेहमीचीच स्लाइड लावली. एकच माहिती, एकमेकांपासून लांबच्या शहरांत एकाच वेळी जपलेली. बाईंनी पडद्याकडे बोट करून विचारलं,

"म्हणजे इथे पाणी शिरलं, तरी सगळ्यांचे जन्म कोरडे राहतील?"

"राहतील," मी म्हणालो. ती स्लाइड मी कितीदा तरी दाखवली होती, पण अंगावर काटा आला तो तेव्हाच.

बाईंनी मान हलवली आणि मांडीवरची बॅग अलगद खाली, पायाशी ठेवली.