पडद्याआडचा सा

आमच्या मावसभावाला घरात सगळे बटण्या म्हणायचे. रेडिओ असो की मिक्सर, दिसेल त्याची बटणं फिरवायची त्याला खोड होती. पुढे त्याने तीन सिंथेसायझर, एक ड्रम-मशीन आणि एक टेप-मशीन जमवलं, गॅरेजमध्ये बँड काढला आणि गायला माझ्या ताईला घेतलं. ताई तेव्हा औषधाच्या दुकानात काउंटरवर असायची. दिवसभर गोळ्या विकायची आणि संध्याकाळी गायची. बँडचं नाव झालं ते तिच्या आवाजावर, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बटण्याची नुसती टुंगटुंग ऐकायला कुत्रंसुद्धा आलं नसतं.

त्याची मशीनं जुनी होती. दिव्यांखाली तापली की त्यांचे सूर हलायचे. म्हणून कार्यक्रमाआधी ताई त्याच्या हेडफोनमध्ये सा लावायची आणि तो तिन्ही मशीनं त्या सा ला मिळवायचा. सूर दाखवणारं यंत्र बाजारात मिळत होतं, पण ताई फुकट होती. बटण्याचा कान म्हणाल तर चष्मा अडकवण्यापुरता.

ताई चाळिशीला टेकली आणि याला हुक्की आली. "चेहरा तरुण हवा," म्हणाला, आणि एक कोवळी पोरगी घेऊन आला. ताईची गाणी टेपवर होतीच. टेपवरून तेवढा तिचा आवाज, साथीला बटण्याची मशीनं, आणि पोरगी पुढे उभी राहून ओठ हलवणार. "तू पडद्याआड थांब ना, ताई," तो म्हणाला. "सा द्यायला. घरचीच तर आहेस."

ताई हो म्हणाली. मी इतकी संतापले की तिच्याशी बोलणंच टाकलं. घरचीच म्हणून माणसाला असं वापरायचं? ती एवढंच म्हणाली, "रेकॉर्ड कंपनीचा माणूस येऊ दे." तो करार करायला येणार होता. सही झाली की टेपवरचा आवाज कायमचा बटण्याचा.

तो आला त्या दिवशी अबोला विसरून, तिची शाल धरून मीही पडद्याआड उभी होते. कंपनीचा माणूस पहिल्या रांगेत बसला होता. बटण्याने हेडफोन लावला आणि ताईने सा दिला. लहानपणापासून मी तिचा रियाज ऐकत आलेय. हा तिचा सा नव्हता, चांगला चढा होता. मी तिच्याकडे पाहिलं, तर तिने डोळा मारला.

बटण्याने मोठ्या विश्वासाने मशीनं मिळवली आणि टेप सुरू केली. टेपवर ताईचा खरा सूर, मशीनं त्याच्या वर. दोन भांडकुदळ शेजारणी एकदम तोंड उघडतात ना, तसं झालं. लोक हसायला लागले. घाबरून पोरीचे ओठ थांबले आणि गाणं मात्र चालूच राहिलं, तेव्हा तर शिट्ट्या सुरू झाल्या. बटण्या घामाघूम होऊन बटणं पिळत होता, पण मिळवायचं कशाशी हेच त्याला कळेना. शेवटी तो पडद्यापाशी आला.

"ताई, सा दे. पाया पडतो."

"आधी माईकवर सांग, गातंय कोण."

त्याने लोकांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि जाऊन मेन स्विच बंद केला. ताईचं तोंड तेव्हा उतरलं. तो सांगेल अशी तिला थोडी आशा होती, असं मला वाटतं. ती आशा गेली आणि मागे नुसता राग उरला. कंपनीचा माणूस सही न करताच निघून गेल्यावर तिने मशीनवरची टेप काढली, पर्समध्ये टाकली आणि आम्ही घरी आलो.

काही दिवसांनी मावशीचा फोन आला. "झालं गेलं विसर गं. त्याची टेप तेवढी दे. दुसरी प्रत नाही म्हणतो."

"देते की," ताई म्हणाली.

तिने कुणाकडून तरी टेप-मशीन मागून आणलं आणि माईक लावला. मी म्हटलं, "अगं, तुझीच गाणी पुसली जातील. तुझी सगळी वर्षं आहेत त्यात."

"माझी आहेत ना? मग मीच पुसते."

टेप परत गेली. बटण्याने ती लावली तेव्हा मावशी तिथेच होती. टेपवर गाणं नव्हतं. होता तो फक्त ताईचा सा, संपला की पुन्हा तोच, आणि या वेळी अगदी बरोबर. मावशी सांगते, पुढे कुठेतरी एखादं गाणं उरलं असेल म्हणून तो टेप संपेपर्यंत ऐकत बसला होता.