जपानच्या देवळातली म्हातारी

थोरल्या भावाची ब्रह्मदेशातून येणारी पत्रं बंद झाली, तेव्हा मीही पलटणीत होतो. लढाई संपली आणि आमच्या पलटणीला जपानात पहाऱ्यावर पाठवायचं ठरलं. निघण्याआधी सुट्टीवर कुसगावला आलो. आईनं भावाचा फोटो हातात दिला.

"जपान्यांनीच धरून नेला आसंल. तितं समद्यांना इचार."

वहिनी दारात उभी होती.

जपानात आमच्या तळाजवळ टेकडीवर एक देऊळ होतं. एका रविवारी तिथं गेलो. मूर्ती कुठं दिसेना. लाकडी गाभाऱ्याची दारं बंद. पायरीशी एक म्हातारी होती. गणवेश पाहून आधी ती बिचकली. पण मी बूट काढायला वाकलो, तेव्हा हातानंच नको म्हणाली. दगडी कुंडापाशी नेऊन तिनं माझ्या हातांवर पळीनं पाणी घातलं. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा वाकायचं, असं करून दाखवलं. मी तसंच केलं. देव कोणता ते ठाऊक नव्हतं. भाऊ सापडू दे, एवढंच म्हणालो.

मग तिला फोटो दाखवला. "बर्मा," म्हणालो.

तिचा चेहराच बदलला. "बिरुमा, बिरुमा," करत तिनं कमरेच्या पट्ट्यातून एक फोटो काढला. माझ्याच वयाचा शिपाई. त्याच्याकडं बोट, मग माझ्या डोळ्यांकडं. हा दिसला का? मी तिकडं गेलोच नव्हतो. मान हलवली. तिनंही भावाचा फोटो बराच वेळ न्याहाळला आणि मान हलवली. आम्ही पायरीवर बसून राहिलो. तिच्या पोरानं माझ्या भावाला मारलं असेल, किंवा भावानं त्याला, हे माझ्या मनातून जाईना. ती रडत होती. मला रडूही आलं नाही.

वर्षभरानं घरी आलो. पाणी द्यायच्या आधीच आईनं विचारलं, "दिसला?"

"न्हाई, आई."

"देवाला तरी इचारलंस?"

"इचारलं."

"मग?"

मी भावाचा फोटो तिच्या हातात परत ठेवला.

पुढं सरकारी कागद आला: बेपत्ता, मेला असे समजावे. भावकीनं इंद्रायणीकाठी भावाच्या नावानं दर्भाचा पुतळा जाळला. घरी बायकांनी वहिनीच्या बांगड्या फोडल्या. ती विशीचीही नसेल. संध्याकाळी ती सवयीनं देवापुढं दिवा लावायला उठली, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कुनासाठी लावतीस?"

आई होती तोवर आमच्या घरात देवापुढं दिवा लागला नाही.