टपालाने आलेली पूड

लग्नाला चार वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी बायकोला तपासून स्पष्ट सांगितलं, "तुमच्यात काही दोष नाही. आता यजमानांना तपासायला पाठवा." मी गेलो नाही. बातमी माझ्याआधी आमच्या गावी, यावलला पोहोचेल, अशी भीती वाटली. त्याऐवजी वर्तमानपत्रातली 'पुरुषांचे गुप्त विकार, घरबसल्या इलाज' ही जाहिरात बघून मी एका दूरच्या वैद्याला पत्र लिहिलं. त्याने मला कधी पाहिलं नाही की नाडी धरली नाही. पुडीचा डबा मात्र दर महिन्याला व्ही.पी.ने माझ्या कचेरीत येई आणि पोस्टमनला पैसे देऊन मी तो सोडवून घेई. घरी मी ते पित्ताचं औषध म्हणून सांगितलं. रोज संध्याकाळी बायकोच दूध तापवून त्यात ती पूड कालवून द्यायची.

एकदा शेजारच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. बायको ओटी भरायला पुढे झाली, तेव्हा माझी आई सगळ्यांसमोर तिला म्हणाली, "तू मांगे बस व. वटी दुसरी कोनी भरी." मी बाहेर ओट्यावर बसून ऐकत होतो. एका वाक्याने आईला गप्प करता आलं असतं. मी चपला घालून बाजाराकडे निघून गेलो.

परत आलो तेव्हा बायकोने नेहमीसारखा पेला पुढे केला.

"घ्या," ती हळूच म्हणाली. "पण तुमचं पित्त बरं होईपर्यंत मी मागेच बसायचं का?"

आई पलीकडे तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून विचारलं, "काय म्हनस रे ती?"

"काही नही," मी म्हणालो, आणि दूध पिऊन टाकलं.