बाजारात ओळख लपवताना

लग्न होऊन औरादला आले तेव्हा मी बाजारातून भाजी कमी आणि बातम्या जास्त आणायची. तोंडाला कुलूप कसलं, दारच नव्हतं. आता म्हातारपणी मुलींच्या मार्गदर्शन केंद्रात मदतीला जाते. तिथं एक मुलगी माझ्याजवळ मन मोकळं करते. घरचे तिला स्थळ बघायलेत, तिला नर्सिंग शिकायचंय. केंद्रात येते हे घरी कळलं तर तिचं येणंच बंद होईल. म्हणून बाहेर ओळख दाखवायची नाही, असा तिथला नियम.

परवा बाजारात ती चुलतीबरोबर समोर आली. मी खाली मान घालून वांगी चिवडायला लागले. चुलती ओळखीची, ती थांबलीच.

“अक्का, माझ्या पुतणीला कोणाची म्हणून विचारलं न्हाई? येरवी मांजराचंबी माहेर विचारता.”

न विचारणंच संशयाचं ठरायलं होतं.

“कोणाची गं तू?” मी विचारलं.

पोरीनं बापाचं नाव, गाव सगळं नीट सांगितलं. वर म्हणाली, “आणि तुम्ही कोणाच्या, आजी?”

चुलती हसली. ते हसणं साधंच होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. पोरगी पुन्हा केंद्राच्या दारात दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर यायचा नाही.